दुपारी दोननंतर कोणती भाषा? मुलांना उन्हाळ्यात स्पेनला स्पॅनिश शिकायला पाठवताना

आयबी आणि आयजीसीएसई या आंतरराष्ट्रीय अभ्यासक्रमांच्या शाळांमुळे पुण्या-मुंबईत स्पॅनिश घेणारी मुलं आता चांगलीच वाढली आहेत. त्यांच्या पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर दर जानेवारीत एक प्रश्न हमखास येतो: "सुट्टीत स्पेनला पाठवलं तर खरंच बोलायला लागतात का हो?" आमची लेक नववीत असताना सालामांकाला जाऊन आली, तेव्हापासून हा प्रश्न फिरत फिरत माझ्याकडे येतो. दर वेळी फोनवर तासभर बोलण्यापेक्षा एकदा सगळं लिहूनच काढते.

आधी मुद्द्याचं. सकाळचे वर्ग सगळीकडे थोड्याफार फरकाने सारखेच असतात. आठवड्याला २० तासिका, एका वर्गात दहा-पंधरा मुलं, सोमवारी पातळी ठरवायची परीक्षा. दोन आठवड्यांच्या ४० तासिका, आणि तासिका ४५ मिनिटांची असेल तर प्रत्यक्षात ३० तास. एवढ्यात ए१ ही पहिली पायरीही धड पूर्ण होत नाही, आणि एवढे तास तर इथल्या क्लासमध्येही मिळतात. तुम्ही लाखांत पैसे मोजता ते वर्ग सुटल्यानंतरच्या वेळेसाठी. दुपारी दोननंतर तुमचं पोरगं कोणाबरोबर जेवणार, कोणाबरोबर खोलीत राहणार, संध्याकाळी कोणाबरोबर हुंदडणार आणि ते सगळं कोणत्या भाषेत, एवढं एक धरून बसा. पुढची प्रत्येक पायरी मी याच फूटपट्टीने मोजली आहे.

१. सगळ्यात आधी कॅलेंडर

इथेच निम्म्या लोकांचा बेत फसतो. आपल्याकडे "उन्हाळ्याची सुट्टी" म्हणजे एप्रिल-मे. राज्य मंडळाच्या शाळा जूनच्या मध्याला सुरू होतात. स्पेनमधल्या शाळा बंदच होतात २० जूनच्या आसपास, आणि किशोरवयीन मुलांचे कॅम्प जूनच्या शेवटच्या आठवड्यापासून ऑगस्ट संपेपर्यंत चालतात. आपली सुट्टी संपते तेव्हा त्यांची सुरू होते.

आयबी-आयजीसीएसईवाल्यांना जून-जुलै मोकळा असतो, त्यांचा प्रश्न नाही. सीबीएसई किंवा राज्य मंडळाच्या मुलांना शाळा सुरू झाल्यावर दोन-तीन आठवड्यांची रजा काढावी लागते. सातवी, आठवी, नववीला बऱ्याच शाळा परवानगी देतात, पण ती तोंडी घेऊ नका. लेखी घ्या, व्हिसाच्या फाइललाही तोच कागद लागतो.

"दहावीची परीक्षा मार्चमध्येच संपते, मग तेव्हाच पाठवू" हा विचार पहिल्यांदा सगळ्यांनाच सुचतो. मार्च ते मे एवढा वेळ मोकळा असतो खरा, पण तेव्हा कॅम्प नसतात. कॅम्प सुरू होतात तेव्हा अकरावीची ऑनलाइन प्रवेशप्रक्रिया चालू असते. २०२५ पासून ती केंद्रीय प्रक्रिया अख्ख्या राज्याला लागू झाली आहे. पसंतीक्रम भरणं, फेरी लागणं, ठरलेल्या मुदतीत कॉलेजात कागदपत्रं दाखवून प्रवेश पक्का करणं, हे सगळं होत असताना मूल सालामांकात आणि मूळ गुणपत्रिका कपाटात! जमवणारे जमवतात, पण आईबापांच्या जिवाला घोर लागतो. दहावीनंतर पाठवायचंच असेल तर मेमध्ये जा. काही भाषाशाळा वर्षभर चालतात आणि १६ वर्षांपुढच्या मुलांना घेतात. फक्त तिथे कॅम्पसारखी देखरेख नसते, आणि वर्गात तुमच्या मुलाच्या शेजारी तिशीतला जर्मन इंजिनिअर बसलेला असू शकतो.

ऑगस्ट मला पसंत नाही. ऑगस्टमध्ये अर्धा स्पेन सुट्टीवर जातो, आतल्या शहरांतली दुकानं बंद असतात आणि मुलांना घरी ठेवून घेणारी चांगली यजमान कुटुंबंही समुद्राकडे निघालेली असतात. जूनचा शेवटचा आठवडा ते जुलैचा मध्य, हा काळ सगळ्यात बरा.

२. गाव निवडताना समुद्र बाजूला ठेवा

मुलं म्हणणार बार्सिलोना. का, ते सांगायला नको. पण बार्सिलोनात रस्त्यावरच्या पाट्या, मेट्रोतल्या घोषणा, घरातली बोली यांत कातालान भाषा मोठ्या प्रमाणात असते. वालेन्सियात वालेन्सियन, सान सेबास्तियानला बास्क. या भाषा उत्तम आहेत, पण जेमतेम "मी शाळेत जातो" म्हणता येणाऱ्या मुलाचा त्यात गोंधळ उडतो. शिवाय मोठ्या पर्यटनशहरात तुमच्या मुलाने अडखळत स्पॅनिश सुरू केली की दुकानदार लगेच इंग्रजीवर येतो. विषय संपला.

दक्षिणेकडे, आंदालुसियात, माणसं गप्पिष्ट आणि मोकळी. पण तिथे शब्दाच्या शेवटचा "स" बरेचदा खाल्ला जातो, त्यामुळे पाठ्यपुस्तकातली स्पॅनिश शिकलेलं मूल पहिल्या आठवड्यात चक्रावतं. आणि जुलैत सेव्हियाचा पारा ४० च्या वर जातो. नागपूर-चंद्रपूरच्या मुलांना त्याचं काही नाही वाटणार, पण नागपुरात आपण दुपारी मुलांना बाहेर सोडत नाही, हेही खरं.

म्हणून नवशिक्यांसाठी माझं मत स्पेनच्या आतल्या भागातल्या कास्तियाच्या बाजूने: सालामांका, वायादोलिद, यांसारखी मध्यम शहरं. सालामांकाचं विद्यापीठ १२१८ सालचं, त्यामुळे परदेशी विद्यार्थ्यांची गावाला पिढ्यान्‌पिढ्या सवय आहे. शहर पायी फिरता येण्याएवढं आहे. समुद्रसपाटीपासून सुमारे ८०० मीटरवर असल्याने दिवसा तापलं तरी रात्री हवा गार होते, स्वेटर लागतो. उच्चार पुस्तकातल्यासारखे स्वच्छ. संध्याकाळी सगळं गाव प्लासा मायोर या मोठ्या चौकात जमतं, आणि विद्यापीठाच्या नक्षीदार दर्शनी भिंतीवरचा कवटीवर बसलेला बेडूक शोधायला प्रत्येक नव्या तुकडीला पाठवतात. माद्रिदपासून साधारण २१० किलोमीटर. रेल्वे आहे, विमानतळावरून थेट बसही आहे.

३. शाळेला किंवा कॅम्पला विचारायचे प्रश्न

आधी मान्यता बघा. इन्स्तितुतो सेर्व्हान्तेस ही स्पॅनिश सरकारने १९९१ साली स्थापन केलेली भाषासंस्था. तिची एक शाखा दिल्लीतही आहे. ती जगभरच्या भाषाशाळांना मान्यता देते आणि मान्यताप्राप्त शाळांची यादी तिच्या संकेतस्थळावर असते. फेडेले हा स्पेनमधल्या भाषाशाळांचा महासंघ, त्याचं सदस्यत्वही चांगली खूण. एजंटमार्फत जात असाल तरी शाळेचं नाव आधी मागा. नाव सांगायला जो एजंट आढेवेढे घेतो, त्याला तिथेच नमस्कार करा.

मग थेट शाळेला ईमेल करा आणि हे विचारा:

- गेल्या वर्षी याच आठवड्यांत कोणत्या देशांची किती मुलं होती? (भारतातून एकगठ्ठा चाळीस मुलं येणार असतील तर तुमचं मूल हिंदी सुधारून येईल.)
- स्पॅनिश मुलं कॅम्पमध्ये असतात का, आणि असल्यास ती इंग्रजी शिकायला आलेली आहेत का?
- दुपारचे खेळ आणि सहली स्पॅनिश बोलणाऱ्या मॉनिटरबरोबर (मुलांना सांभाळणाऱ्या ताई-दादांबरोबर) होतात की इंग्रजीत?
- खोलीत एकाच भाषेची दोन मुलं ठेवता का?
- मुलांबरोबर काम करणाऱ्यांकडे लैंगिक गुन्ह्यांची नोंद नसल्याचं प्रमाणपत्र आहे का? यजमान कुटुंबातल्या प्रौढांचंही घेता का?
- रात्री आजारी पडल्यास कोण नेतं, आणि २४ तास चालणारा फोन कोणाकडे असतो?
- फी परत मिळण्याच्या अटी काय? विशेषतः व्हिसा नाकारला तर?

दुसऱ्या प्रश्नाबद्दल थोडं सविस्तर. "स्पॅनिश मुलांसोबत राहायची संधी" हे ब्रोशरमध्ये झकास वाटतं. पण बऱ्याच कॅम्पमध्ये ही स्पॅनिश मुलं इंग्रजी सुधारायला आलेली असतात, त्यांच्या आईबापांनीही पैसे मोजलेले असतात. मग आपलं इंग्रजी माध्यमातलं पोरगं त्यांच्यासाठी फुकटचा शिकवणी मास्तर ठरतं. चांगल्या कॅम्पमध्ये दिवस वाटून दिलेले असतात: जेवणाच्या टेबलावर आज स्पॅनिश, उद्या इंग्रजी. तसं वेळापत्रक असेल तर ते मागून घ्या.

प्रमाणपत्राचा प्रश्न विचारायला आपल्याला संकोच वाटतो. वाटू देऊ नका. मुलांशी नेहमी संबंध येणाऱ्या कामांसाठी स्पेनमध्ये हे प्रमाणपत्र कायद्यानेच सक्तीचं आहे, त्यामुळे नीट चालवलेल्या शाळेला या प्रश्नाचं नवल वाटत नाही. उत्तर टाळलं, तर ते उत्तरच समजा.

४. यजमान घर की वसतिगृह?

तेराच्या आतलं मूल असेल तर वसतिगृह. चौदा-पंधराच्या पुढे, आणि पोटापुरती स्पॅनिश येत असेल, तर मी डोळे झाकून यजमान घर म्हणेन. वसतिगृहात मजा जास्त, भाषा कमी. घरात पहिले चार दिवस कंटाळा आणि रडारड, आणि मग अचानक एके दिवशी मूल आजीबाईंबरोबर टीव्हीवरच्या प्रश्नमंजूषेची उत्तरं ओरडायला लागतं.

घर मागताना तीन गोष्टी लेखी कळवा: आमच्या मुलाच्या भाषेचा दुसरा विद्यार्थी त्याच घरात नको, घरात शक्यतो मुलं असावीत, आणि शाळा पायी किंवा एका बसच्या अंतरावर असावी.

जेवणाचं मात्र बसून समजून घ्या. "शाकाहारी" हा शब्द कळवून काम भागत नाही. स्पेनमध्ये मांस नको म्हटलं तर बऱ्याच लोकांच्या लेखी टूना मासा चालतो. मिक्स सॅलडवर तो न मागता येतो. हॅमचे तुकडे भाजीत, सूपवर, क्रोकेतास या तळलेल्या वड्यांच्या पोटात, कुठेही. आमच्या लेकीच्या यजमान ताईंकडे पहिल्या रविवारी मसुरीची आमटी होती. ताईंनी मोठ्या कौतुकाने पातेल्यातून चिमट्याने चोरिसोचे, म्हणजे डुकराच्या सॉसेजचे, लालभडक तुकडे एकेक करून बाहेर काढले, वाडगा तिच्यापुढे ठेवला आणि म्हणाल्या, घे, आता शाकाहारी झाली! वर तरंगणारा तांबडा तवंग तसाच. तिने त्या दिवशी पाव आणि टोमॅटो खाल्ला, ताई नाराज झाल्या, आणि रात्री दोघींनी फोनवरच्या शब्दकोशाच्या मदतीने अर्धा तास चर्चा करून प्रश्न सोडवला. तिची सगळ्यात लांब स्पॅनिश चर्चा तीच.

म्हणून अर्जातच काय चालतं, काय नाही याची यादी द्या: मांस, मासे, हॅम, मांसाचं पाणी, चरबी. अंडं चालत असेल तर ठळक लिहा, कारण मग बटाट्याचं जाडजूड ऑम्लेट, तोर्तिया, रोज मिळू शकतं आणि यजमानीणबाईंचा जीव भांड्यात पडतो. अंडं चालत नसेल तर गास्पाचो हे टोमॅटोचं गार सूप, टोमॅटो चोळलेला पाव, तिखट सॉसमधले बटाटे, पालक-छोले हे पदार्थ नावाने सुचवा. जैन जेवण हवं असेल तर प्रामाणिक सल्ला: यजमान घर नको, स्वतःचं स्वयंपाकघर असलेलं निवासी केंद्र शोधा.

शेंगदाण्याची किंवा कशाचीही अ‍ॅलर्जी असेल तर वाक्य पाठच करून घ्या. मुलगी असेल तर "सोय अलेर्हिका", मुलगा असेल तर "सोय अलेर्हिको", पुढे "आ लोस काकावेतेस", म्हणजे मला शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी आहे. हेच वाक्य छापून पाकिटातही ठेवा.

५. पासपोर्ट आणि व्हिसा

९० दिवसांपर्यंतच्या कोर्सला नेहमीचा अल्पमुदतीचा शेंगेन व्हिसा, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणारा एकच व्हिसा, पुरतो. "भाषा शिकायला जातोय म्हणजे स्टुडंट व्हिसाच हवा" असं सांगून जास्तीचे पैसे मागणारे भेटतात, त्यांना भुलू नका.

अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो, आणि निदान १५ दिवस आधी करावा लागतो. निर्णयाला साधारण १५ दिवस, पण कागद कमी-जास्त असले तर ४५ दिवसांपर्यंत लांबू शकतो. भारतात स्पेनचे अर्ज बीएलएस इंटरनॅशनलच्या केंद्रांत घेतले जातात, निर्णय वकिलातीचा. महाराष्ट्र आणि गोव्यासाठी ती मुंबईत. एप्रिल-मेमध्ये युरोपला निघालेल्या हनिमूनवाल्यांची आणि सहलवाल्यांची झुंबड असते, अपॉइंटमेंट मिळता मिळत नाही. मार्चमध्येच तारीख घ्या, आणि "स्लॉट मिळवून देतो" म्हणणाऱ्या दलालांना पैसे देऊ नका. १२ वर्षं पूर्ण झालेल्यांना बोटांचे ठसे द्यावे लागतात, म्हणजे मुलाला स्वतः जावं लागतं. परीक्षेची तारीख बघून अपॉइंटमेंट घ्या. १२ वर्षांपुढे व्हिसा फी ९० युरो, केंद्राचा सेवाआकार वेगळा.

फाइलमध्ये साधारण हे लागतं. अंतिम यादी केंद्राच्या संकेतस्थळावरून, अर्ज करायच्या आठवड्यात, पुन्हा तपासा:

- पासपोर्ट: परतीच्या तारखेनंतर निदान तीन महिने वैध, दोन पानं कोरी. १८ खालच्या मुलांचा पासपोर्ट सहसा ५ वर्षांचाच असतो, तो कधी संपतो ते आत्ता उठून बघा
- ३५ बाय ४५ मिलिमीटरचे ताजे फोटो
- जन्मदाखला, आणि दोन्ही पालकांच्या पासपोर्टच्या प्रती
- दोन्ही पालकांचं नोटरी केलेलं संमतीपत्र
- शाळेचं बोनाफाईड आणि रजा मंजुरीचं पत्र
- स्पेनमधल्या शाळेचं प्रवेशपत्र: तारखा, तासिका, राहण्याचा पत्ता, फी भरल्याची नोंद
- पालकांचे आयटीआर, बँक स्टेटमेंट, पगारपत्रक किंवा व्यवसायाचे कागद
- जाण्या-येण्याचं आरक्षण
- प्रवास विमा: निदान ३०,००० युरोंचं वैद्यकीय संरक्षण, सगळ्या शेंगेन देशांत लागू

कागदांपेक्षा त्यांच्यातला ताळमेळ जास्त छळतो. जन्मदाखल्यावर आईचं नाव माहेरचं, पासपोर्टवर सासरचं. मुलाच्या पासपोर्टवर वडिलांचं नाव मधे, शाळेच्या दाखल्यावर नाही. आमच्या पुढच्या रांगेत एका बाईंचं संमतीपत्र परत आलं, कारण त्यांच्या पासपोर्टवर मराठीत सही होती आणि संमतीपत्रावर घाईत इंग्रजीत केली होती. काउंटरवरच्या मुलीने दोन्ही कागद शेजारी ठेवून बोट दाखवलं, एवढंच. नोटरी पुन्हा, अपॉइंटमेंट पुन्हा. तर, सही पासपोर्टसारखीच करा. नावात फरक असेल तर "दोन्ही नावं एकाच व्यक्तीची" असं प्रतिज्ञापत्र आधीच जोडा. घटस्फोट किंवा एकल पालकत्व असेल तर न्यायालयाचा ताबा-आदेश इंग्रजी भाषांतरासह लागेल, त्याला वेळ ठेवा. एखाद्या कागदाला अपोस्टिल, म्हणजे तो परदेशात ग्राह्य धरला जावा म्हणून लागणारं प्रमाणन, मागितलं तर ते परराष्ट्र मंत्रालयाकडून होतं आणि त्याआधी राज्याचं साक्षांकन लागतं. तो आठवडाभराचा फेरा शेवटच्या क्षणी होत नाही.

अमेरिकेतल्या किंवा आखातातल्या मराठी कुटुंबांसाठी: अर्ज तुम्ही राहता त्या देशातून करायचा, पुण्यात आजीकडे सुट्टीला येऊन नव्हे. मुलाचा पासपोर्ट अमेरिकन असेल तर ९० दिवसांपर्यंत व्हिसाच लागत नाही; फक्त ईटियास ही ऑनलाइन परवानगी सुरू झाली आहे का ते निघण्याआधी बघा.

६. पैसे कसे भरायचे

दोन आठवड्यांच्या निवासी कार्यक्रमाला ढोबळमानाने दीड ते अडीच हजार युरो धरा; यजमान घर बहुधा थोडं स्वस्त. त्यात विमान, व्हिसा, विमा, विमानतळावरून नेण्या-आणण्याचा खर्च (हा बरेचदा वेगळा असतो, आणि एकट्या मुलासाठी तो न घेण्याचा प्रश्नच नाही) आणि खाऊचे पैसे मिळवा. युरोचा त्या वेळचा दर बघून, थोडा वरच धरून हिशेब करा, म्हणजे नंतर धक्का बसत नाही.

फी शक्यतो थेट शाळेच्या खात्यात, स्वतःच्या बँकेतून, परदेशी पैसे पाठवायचा ए२ फॉर्म भरून पाठवा. एजंटने हाच कार्यक्रम "परदेश सहल पॅकेज" म्हणून विकला तर त्यावर टीसीएस, म्हणजे पैसे घेतानाच वसूल होणारा आगाऊ आयकर, पहिल्या रुपयापासून कापला जातो. बँकेतून थेट पाठवलेल्या रकमेला मात्र आर्थिक वर्षात १० लाखांपर्यंत टीसीएस नाही. दर अर्थसंकल्पागणिक बदलतात, त्या वर्षीचा बँकेतून विचारून घ्या.

७. तिकीट

एकट्या मुलासाठी माझी पसंती आखातमार्गे. कारण साधं आहे: शेंगेनमध्ये प्रवेशाचा शिक्का, किंवा १२ ऑक्टोबर २०२५ पासून टप्प्याटप्प्याने सुरू झालेली ईईएस ही संगणकीय नोंद, पहिल्या शेंगेन विमानतळावर होते. फ्रँकफर्टमार्गे गेलं तर तिथल्या अधिकाऱ्यासमोर मूल एकटं उभं, रांग लांब, पुढचं विमान तासाभरात. दुबई-दोहामार्गे ही सगळी तपासणी माद्रिदला होते, जिथे बाहेर न्यायला माणूस उभा असतो. लंडनमार्गे स्वस्त दिसलं तरी थांबा. ब्रिटन शेंगेनमध्ये नाही, ट्रान्झिटचे नियम वेगळे.

साधारण १२ च्या आतल्या मुलांना बहुतेक विमान कंपन्या सोबतीची सेवा सक्तीची करतात, पुढे ती मागून घ्यावी लागते. ती वेबसाइटवर तिकीट काढताना नव्हे, फोन करून ठरते, आणि दोन वेगवेगळ्या कंपन्यांची विमानं असतील तर बहुधा मिळत नाही. माद्रिदच्या बाराखास विमानतळाचं टर्मिनल ४ बाकीच्या तिघांपासून बरंच दूर आहे, तेव्हा नेणाऱ्या माणसाला टर्मिनलचा नंबर नक्की कळवा. हातातल्या बॅगेत संमतीपत्राची मूळ प्रत, शाळेचं पत्र, विमा, परतीचं तिकीट, सगळं कागदावर. फोनची बॅटरी नेमकी इमिग्रेशनला संपते.

८. जायच्या आधीचे दोन महिने

शून्यावरून पाठवू नका, पैसे वाया जातात. वर्तमानकाळ, सुरुवातीचा भूतकाळ, तीनेकशे शब्द आणि "पुन्हा सांगता का, हळू बोलाल का" एवढं तरी यायला हवं. उच्चारात आपल्या मुलांची चांदी असते. स्पॅनिशचे "त", "द" आपल्यासारखेच दातावरचे, स्वर पाच आणि स्वच्छ. इंग्रज मुलं वर्षभर झगडतात ते आपल्या पोरांना आयतं येतं. अडतात ते "सेर" आणि "एस्तार" या दोन "असणे"मध्ये, आणि तिथे इथला क्लासच कामी येतो.

मोठ्यांना "तू" म्हणायची सवयही करून घ्या. स्पेनमध्ये यजमान काकूंना, बाईंना, सगळ्यांना "तू" म्हणतात. आपली मुलं आदराने "उस्तेद" म्हणत राहतात आणि समोरच्याला उगाच परकं वाटतं.

डेले या स्पॅनिशच्या प्रमाणपत्र परीक्षेची घाई करू नका. ११ ते १७ वयाच्या मुलांसाठी वेगळी शालेय डेले असते, ती परतल्यावर सहा महिन्यांनी द्या. परीक्षेच्या धाकाने पाठवलेलं मूल संध्याकाळी चौकात न जाता खोलीत बसून रूपं पाठ करतं.

९. पोहोचल्यावर

वेळापत्रक आधी सांगून ठेवा, नाहीतर "आई, इथे जेवायलाच देत नाहीत" असा फोन येतो. दुपारचं जेवण दोन-तीनला, सहाच्या सुमारास मेरिएंदा म्हणजे मधलं खाणं, रात्रीचं जेवण नऊ-दहाला. जुलैच्या सुरुवातीला सालामांकात सूर्यच दहाच्या आसपास मावळतो. बॅगेत चिवडा, लाडू असू द्या, पण पहिल्या आठवड्यापुरतेच. महिनाभराचे थेपले आणि मॅगी दिलीत तर जेवणाच्या टेबलावर बसायचं कारणच उरत नाही.

फोनचा नियम घरूनच ठरवून जा. उन्हाळ्यात आपण त्यांच्या साडेतीन तास पुढे. त्यांचे दुपारचे चार म्हणजे आपले साडेसात, ही वेळ दोघांना सोयीची. दिवसाआड दहा मिनिटं पुरे. रोज तासभर व्हिडिओ कॉलवर मराठी बोलणारं मूल स्पेनमध्ये नसतं, कोथरूडमध्येच असतं! पहिल्या तीन-चार दिवसांत "मला परत यायचंय" ऐकू येईल. शाळेच्या समन्वयकाशी बोला, मुलाला धीर द्या, तिकीट बदलू नका. कुटुंबच खरोखर वाईट निघालं, म्हणजे खोली अस्वच्छ, जेवण अपुरं, घरात कोणी नाही, तर त्याच दिवशी लेखी तक्रार करून घर बदलून मागा. तो हक्क आहे, उपकार नाही.

वर्गाची पातळी चुकली असेल तर बुधवारच्या आत सांगायचं. गुरुवारनंतर कोणी हलवत नाही.

आपत्कालीन क्रमांक ११२. औषधांचं दुकान हिरव्या क्रॉसने ओळखायचं; रात्री उघडं असणारं दुकान कोणतं, ते प्रत्येक दुकानाच्या दारावर लिहिलेलं असतं. नेहमीची औषधं मूळ वेष्टनात, डॉक्टरच्या इंग्रजी चिठ्ठीसह. फॉरेक्स कार्ड सहसा पालकाच्या नावावर निघतं, म्हणून थोडे युरो रोख द्या, नोटा लहान. सालामांकाच्या बेकरीत ५० ची नोट पुढे केली की बाई आधी नोटेकडे आणि मग पोराकडे बघतात.

१०. परतल्यावर

शाळेकडून हजेरीचं आणि पातळीचं प्रमाणपत्र निघण्याआधी, शुक्रवारीच हातात घ्या. नंतर ईमेलवर मागितलं तर ऑगस्टची सुट्टी आडवी येते. दवाखान्याचा खर्च झाला असेल तर मूळ बिलं आणि डॉक्टरचा अहवाल लागतो, त्याशिवाय विम्याचा दावा हलत नाही. एजंटने टीसीएस कापला असेल तर तो तुमच्याच पॅनवर जमा झाला आहे ना, हे आयकराच्या संकेतस्थळावर तुमच्या वार्षिक करपत्रकात बघा. मुलाच्या नावाने पावती फाडली असेल तर विवरणपत्र भरण्याआधी दुरुस्त करून घ्या, कारण ते पैसे परत मिळतात ते तिथूनच.